जिनिंगमधली एक्सेस फाईल: इम्पोर्टनंतरचे एरर कसे ओळखावेत

आपल्या खान्देशात संगणकाचं शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या पोरांना पहिलं काम बरेचदा असंच मिळतं. एखादी जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना), केळीचा व्यापारी, नाहीतर पतसंस्था, आणि तिथे कुणीतरी कधीकाळी करून दिलेली मायक्रोसॉफ्ट एक्सेस या डेटाबेसची फाईल. करून देणारा पुण्याला निघून गेलेला असतो, फाईल रोज चालत असते. बिघडली की तुम्हाला फोन येतो. माझा पहिला फोन धरणगावकडच्या एका जिनिंगमधून आला, ऐन दिवाळीनंतरच्या कापसाच्या गर्दीत.

गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर लाईट गेली होती. परत आल्यावर कापूस आवकेचा फॉर्म उघडला की अख्खं एक्सेस बंद पडायचं. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि दिवाणजी आबा दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचे, "काय जायं भाऊ?"

मी ऐकलेला उपाय केला. नवी कोरी फाईल घेतली, 'एक्स्टर्नल डेटा'मधून जुन्या फाईलमधली सगळी टेबलं, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट, मॉड्यूल 'सिलेक्ट ऑल' करून इम्पोर्ट केली. मध्येच एरर आला. जेवढं आलं होतं ते उघडलं तर आणखी नवे एरर, जे जुन्या फाईलमध्ये नव्हतेच. मला वाटलं, आता सगळंच गेलं.

सगळं गेलं नव्हतं. इम्पोर्टनंतर जे एरर दिसतात त्यांच्या दोन जाती असतात. काही गोष्टी बिघडलेल्याच असतात आणि तशाच नव्या फाईलमध्ये येतात. काही गोष्टी मुळात येतच नाहीत, आणि त्यांच्या नसण्यामुळे धडधाकट फॉर्मही बिघडल्यासारखा वाटतो. या दोघांत गल्लत केली की रात्र वाया जाते. माझी अर्धी गेली.

न येणाऱ्या गोष्टी आधी बघा, त्या पटकन सुटतात. व्हीबीए म्हणजे एक्सेसमधल्या कोडची भाषा; तिचे रेफरन्स, म्हणजे कोड ज्या बाहेरच्या लायब्ररींवर चालतो त्यांची यादी, इम्पोर्टमध्ये येत नाहीत. पावतीवर तारखेच्या जागी 'नेम' आणि प्रश्नचिन्ह छापून येत होतं, आणि कोडमध्ये 'कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी' असा एरर. तारीख देणाऱ्या साध्या 'डेट' फंक्शनवर तो एरर येतो, म्हणून नवखा माणूस हबकतो. कोडच्या खिडकीत 'टूल्स'मध्ये 'रेफरन्सेस' उघडा. 'मिसिंग' लिहिलेली ओळ असेल तर तिची खूण काढा, जुन्या फाईलमध्ये कशावर टिक होती ते बघून तेवढ्यावरच इथे टिक करा, मग 'डीबग'मधून 'कंपाइल' करा. सुरुवातीला उघडणारा फॉर्म कोणता, ही सेटिंगही येत नाही. आणि दोन टेबलं वेगवेगळ्या खेपेत आणली तर त्यांच्यातली रिलेशनशिप, म्हणजे एकमेकांशी असलेली जोडणी, राहून जाते. ती तपासून हातानं जोडावी लागते.

कोडमधल्या मराठी मेसेजच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर तेही करप्शन, म्हणजे फाईलचा बिघाड, नव्हे. व्हीबीएच्या खिडकीला देवनागरी पेलतच नाही. असे मेसेज टेबलमध्ये ठेवून तिथून वाचावेत.

आता खरं बिघडलेलं. मूळ फाईलची प्रत करा आणि मूळ फाईलला हात लावू नका. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर'सुद्धा प्रतीवरच चालवा, कारण दुरुस्तीच्या नादात ते कधीकधी एखादी प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखायचा रकाना) किंवा रिलेशनशिप काढून टाकतं. उघडताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे सुरुवातीचा फॉर्म चालू होणार नाही. आधी फक्त टेबलं आणा, मग क्वेरी, आणि फॉर्म चार-पाचच्या खेपेनं. कुठे अडलं ते लगेच कळतं.

माझं आवकेचं टेबलच अडत होतं. त्यात 'शेरा' नावाचा मेमो, म्हणजे लांब मजकुराचा, रकाना होता. मेमोतला लांब मजकूर मुख्य ओळीपासून वेगळ्या पानावर साठवला जातो, ओळीत नुसता त्याचा पत्ता असतो. लिहिताना लाईट गेली की तो पत्ता चुकू शकतो आणि चिनी लिपीसारखी अक्षरं दिसायला लागतात. मी नव्या फाईलमध्ये टेबलाचा रिकामा सांगाडा आणला आणि अपेंड क्वेरीनं (एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात भरणाऱ्या क्वेरीनं) पावती नंबरांचा पहिला अर्धा भाग घेतला. गेला. दुसरा अर्धा अडला. त्याचे पुन्हा दोन भाग केले. असं करत करत एकाच पावतीवर येऊन थांबलो. ती सोडून बाकी सगळं आलं. आबांनी गठ्ठ्यातून तिची कार्बन प्रत काढली: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, आणि 'माल ओला' असा शेरा. ती हातानं भरली.

राहिला आवकेचा फॉर्म. जुन्या फाईलच्या प्रतीवर 'डीकंपाइल' (कोडचं आधी तयार झालेलं रूप पुसणारी सोय) चालवून पाहिलं, फरक पडला नाही. मग त्याच प्रतीत कंट्रोल-जी दाबून इमिजिएट खिडकीतून 'सेव्हअ‍ॅजटेक्स्ट' कमांडनं फॉर्म मजकूर म्हणून बाहेर काढला. नोटपॅडमध्ये उघडल्यावर फॉर्म म्हणजे शेवटी ओळीच असतात. त्यातली 'चेकसम'ची ओळ आणि प्रिंटरच्या सेटिंगचे 'पीआरटी'नं सुरू होणारे भाग 'बिगिन'पासून 'एंड'पर्यंत काढले, आणि 'लोडफ्रॉमटेक्स्ट'नं नव्या फाईलमध्ये भरला. उघडला. मजकूर म्हणूनही बाहेर निघाला नसता तर तो फॉर्म नव्यानं बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ते सांगायला लाजू नये.

फाईल सोपवण्याआधी आम्ही एकच पडताळणी केली, पण नीट केली: प्रत्येक टेबलातल्या ओळींची संख्या जुन्या-नव्यात जुळवली आणि हंगामाचे एकूण क्विंटल आबांच्या वहीशी लावून पाहिले. शेतकऱ्याचे पैसे त्या वजनावर ठरतात, तिथे 'फाईल उघडते ना' एवढ्यावर थांबणं मला मान्य नाही.

मूळ दुखणं वेगळंच होतं. ऑफिस आणि काटा दोन्हीकडून एकच फाईल वायफायवर उघडत होती. वायफाय क्षणभर तुटलं तरी अर्धवट लिहिलेलं पान मागे राहू शकतं. लाईट हे तर निमित्त. शेठजींना ते समजावलं. टेबलांची फाईल ऑफिसच्या संगणकावर वेगळी केली, फॉर्मची प्रत दोन्ही संगणकांवर आपापली ठेवली, 'नेम ऑटोकरेक्ट' (एका जागी नाव बदललं की बाकीकडे आपोआप बदलणारी सोय) बंद केलं. दुसऱ्या दिवशी काट्यापर्यंत केबल ओढली आणि तिथे यूपीएस बसवला. केबल येईपर्यंत काट्यावरचा पोरगा वहीतच वजनं लिहीत होता, आणि दुपारनंतर आम्ही दोघांनी बसून ती सगळी चढवली.