घोडं पेंड कुठं खातंय? वेस्टर्न रायडिंगमधल्या या चुका टाळा

वेस्टर्न रायडिंगची, म्हणजे अमेरिकन काउबॉयच्या पद्धतीच्या घोडेस्वारीची हौस लागलेले आमचे इंदूरकर आधी खोगीर घेतात आणि मग घोडा शोधतात. पहिली चूक तिथेच. पुढं मुठीसारखा हॉर्न असलेलं ते चामडी खोगीर चौदा-पंधरा किलो सहज भरतं. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त भार नको, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे 360 किलोच्या मारवाडी घोड्याला 72 किलो. त्यातून खोगीर वजा करा, उरलं ते तुमचं वजन. मग रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत काय खायचं ते ठरवा.

शिवाय हे खोगीर मागं लांब असतं आणि काठेवाडी घोड्याची पाठ आखूड. मागची कड कमरेवर घासली की घोडा पाठ चोरतो आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. अर्ध्या-पाऊण तासाच्या रपेटीनंतर खोगीर उतरवून पाठ बघा. सगळीकडे घाम आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला, तर तिथं दाब येतोय. खाली जाड गादी घालून ते सुटत नाही. बूट चावतोय म्हणून आणखी एक मोजा चढवण्यातला तो प्रकार. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टाही एकदम आवळू नका. घोडा पोट फुगवून उभा राहतो, तेव्हा दहा-बारा पावलं चालवून पुन्हा बघा, आणि चढण्याआधी आणखी एकदा.

पण खरं घोडं पेंड खातं ते लगामात.

आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हाजेलानं 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवलं ते ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या प्रकारात. त्या शैलीत दोन्ही हात लगामावर आणि हलका ताण कायम. वेस्टर्नमध्ये लगाम एका हातात, सैल, आणि मानेला नुसता टेकवायचा. उजवीकडे वळायचं तर डावा लगाम मानेच्या डाव्या अंगाला. रील बघून आलेली मंडळी पहिल्याच दिवशी एक हात मांडीवर ठेवून बसतात. घोड्याला काही कळत नाही, म्हणून स्वार हात आणखी उजवीकडे नेतो. त्यानं ताणला जातो डावाच लगाम, आणि घोड्याचं नाक उलट डावीकडे फिरतं.

सुरुवात साध्या, मध्ये सांधा असलेल्या स्नॅफलवर (घोड्याच्या तोंडातली बिनदांड्यांची लोखंडी कडी) करा, दोन्ही हातांनी. डावा लगाम मानेला टेकवा, क्षणभर थांबा, मग उजव्यानं नाक हलकेच वळवा. एक पाऊल वळला की दोन्ही सैल सोडा. त्याचं बक्षीस तेच. काही आठवड्यांत उजव्याची गरज पडेनाशी होते. लांब दांड्यांचा कर्ब, म्हणजे तोंडातल्या कडीचा कडक प्रकार, त्यानंतरच, कारण तो तरफेसारखा चालतो आणि हातातली जराशी ओढ तोंडात कितीतरी पटीनं पोचते. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं जायलाच हवीत.

वरातीतून घेतलेला घोडा लगाम ताणताच नाचू लागला तर मारू नका. ताण आला की नाचायचं, हेच त्याला शिकवलेलं असतं. तोंडात खिळ्यांचा लगाम असेल तर आधी काढा. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांना तर तो 1965 च्या नियमांनीच बंद आहे. आणि मारवाडी घोडा सुरेख रेवाळ (स्वाराला धक्के न देणारी जलद चाल) चालत असेल, तर त्याच्याकडून वेस्टर्नची जॉगच (संथ दुडकी) हवी म्हणून कशाला अडून बसायचं? मी तरी बसत नाही.

आता वाहतूक. माझी घोडी मी नंदुरबारकडच्या सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून इंदूरला आणली, तेव्हा सगळं चुकलं. गाडीत चढवायच्या फळीवर टाप पडताच खालून पोकळ आवाज आला आणि ती थिजली. मागून चौघं रेटतायत, पुढून मी दोर ओढतोय. शेवटी घोड्यांची देखभाल करणारे आमचे साईसकाका मला बाजूला करून म्हणाले, "भिया, रस्सी ढीली करो." त्यांनी फळीवर ओली पोती आणि वर पेंढा टाकला, दोर सोडून शेजारी बिडी ओढत उभे राहिले. वीस मिनिटांनी घोडी स्वतःच चढली.

पण वर गेल्यावर मी तिचं डोकं उंच, आखूड बांधलं, हलू नये म्हणून. सेंधव्याचा घाट, खलघाटचा नर्मदेवरचा पूल, मानपूरचा चढ, कुठंही तिला मान खाली घालता आली नाही. मान खाली गेली नाही की श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही आणि फुप्फुसात जंतू वाढतात. दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी खोकला.

आता दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवतो, पाणी दाखवतो, मान खाली सोडू देतो. दोर थेट कडीला बांधत नाही. कडीत सुतळीचा फास आणि त्याला एका झटक्यात सुटणारी गाठ. घोडा पडलाच तर मानेआधी सुतळी तुटते. गवत भिजवून देतो. पशुवैद्यकाचा दाखला आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी यांचं काम गाडी ठरवण्याआधीच उरकतो. रक्ताचा नमुना हरियाणातल्या हिसारच्या प्रयोगशाळेपर्यंत जायचा असतो, उगाच वरातीमागून घोडं नको.

घरी आल्यावर आधी पाणी आणि गवत. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर, 38.5 अंशांवर गेलं की लगेच डॉक्टरांना फोन. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं प्रवासात आतडं मंदावलेलं असताना चंदी (धान्याचा खुराक) देणं जिवावर बेतू शकतं. लीद नीट पडेपर्यंत चंदीचा डबा बंद. साईसकाका तोवर तबेल्यातच खाट टाकतात आणि लीद पडली की रात्री दोन वाजताही मला फोन करून कळवतात.