हिवाळ्यात गावरान पिल्लं कशी जगवावीत

विदर्भात मोठ्या कोंबडीला थंडीचं फारसं भय नसतं. गावरान कोंबडी अंगाने हलकी, पिसाऱ्याने दाट असते. रात्री दांडीवर बसून पोटाच्या पिसांखाली पाय झाकते आणि १० अंशांची रात्र सहज काढते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. अशा रात्रीही कोरड्या, वारा न लागणाऱ्या खुराड्यात मोठी कोंबडी तग धरते. दगावतात ती पिल्लं, आणि तीही पहिल्या चार आठवड्यांत. त्यांच्या अंगावर नुसती लव असते आणि ओल किंवा वाऱ्याची झोत लागली की ती गारठतात.

तरीही पिल्लं काढायला हाच मोसम चांगला. दिवाळीनंतर अंडी बसवली तर मे येईपर्यंत पिल्लं पाच महिन्यांची होतात आणि ऊन सोसतात. मार्चअखेरीस काढलेली पिल्लं मात्र कोवळ्या वयातच ४५ अंशांच्या तडाख्यात सापडतात.

अंडी बसवणं

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तो दुसऱ्या गावचा आणावा आणि वर्ष-दोन वर्षांनी बदलावा. नाहीतर त्याच रक्तात पैदास होऊन अंडी पोकळ निघतात आणि पिल्लं कमजोर होतात. बसवायची अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली असावीत. ती धुवू नयेत, कारण धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. बसवेपर्यंत टोकाची बाजू खाली ठेवावी.

उन्हाळ्यात खुडूक कोंबडीखाली १२-१३ अंडी चालतात, हिवाळ्यात १० च्या वर ठेवू नयेत. कडेची अंडी पंखाबाहेर राहतात, गार पडतात आणि आतला जीव मरतो. टोपलीत तळाला चुलीची चाळलेली राख, वर कोरडं तणस घालावं. राखेने उवा कमी होतात. उवा झालेली कोंबडी धड बसत नाही. कोंबडी रात्रीच बसवावी. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून पाहावं: लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवावं, नितळ दिसलं तर काढावं. २१ व्या दिवशी पिल्लं फुटतात. कवच सोलून मदत करायला जाऊ नये, रक्त येऊन पिल्लू जातं.

खुराडं: खालून बंद, वरून उघडं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. थंडी वाढली की लोक खुराडं चहूबाजूंनी प्लास्टिकने गुंडाळतात. रात्रभर कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आत कोंडते, लिद (म्हणजे तळाला अंथरलेलं तूस आणि त्यात मिसळलेली विष्ठा) ओली होते, तिच्यातून अमोनिया सुटतो, आणि आठवड्याभरात पिल्लांच्या छातीत घरघर सुरू होते. मालकाला वाटतं थंडी बाधली. सकाळी दार उघडताच आपले डोळे चुरचुरले, तर हवा कोंडली आहे हे नक्की समजावं.

सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, दहा-बारा मोठ्या कोंबड्यांना रात्रीसाठी सहा बाय चार फुटांचं खुराडं पुरतं. उत्तरेची भिंत पऱ्हाटीच्या कुडाची, दोन्ही बाजूंनी शेणामातीने लिंपलेली असावी, कारण हिवाळी वारा तिकडूनच येतो. दार पूर्वेला किंवा दक्षिणेला ठेवावं, म्हणजे सकाळचं ऊन थेट आत पोचतं. छपराखाली चारही बाजूंना सहा-आठ इंचांची फट ठेवून तिला अर्धा इंची जाळी मारावी. मुंगूस आणि साप दोन्ही अडतात. जाळीच्या खालच्या भागाला बारदान्याचा पडदा लावून तो दिवस मावळताना सोडावा आणि ऊन वर आल्यावर गुंडाळावा. वरची फट कडाक्याच्या थंडीतही बुजवू नये. बसायची दांडी दोन इंच जाड, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि कोंबडीमागे आठ इंच असावी.

खुराड्याच्या तळाला अंथरायला भंडारा-गोंदियाकडे भाताचं तूस मिळतं, ते उत्तम. तूस नसेल तर भुईमुगाची टरफलं वापरावीत. सोयाबीनचं कुटार नाइलाज असेल तरच, कारण त्याची धूळ नाकात जाते. हिवाळ्यात थर तीन-चार इंचांचा हवा. मूठभर लिद दाबून पाहावी: गोळा तसाच राहिला तर ओली आहे. ओला भाग काढून नवा टाकावा. रक्ती हगवण अशाच ओलीतून पसरते.

आई नसलेली पिल्लं

कोंबडीमागची पिल्लं तिच्या पंखाखाली निभावतात. त्यांना रात्री डाल्याखाली ठेवून वर पोतं टाकलं, एका बाजूने चार बोटं हवा ठेवली, की झालं. उबवणी केंद्रातून आणलेल्या पिल्लांची ऊब मात्र आपल्यालाच करावी लागते.

२५ पिल्लांसाठी दीड फूट उंचीच्या पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा तीन फूट रुंदीचा गोल रिंगण करावा. कोपरे असले की पिल्लं तिथे एकमेकांवर चढून गुदमरतात. मधोमध जमिनीपासून फूटभर उंच ६० वॅटचा पिवळा बल्ब टांगावा, फार थंडीत १०० वॅटचा. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करावेत. पिल्लं येण्याआधी काही तास बल्ब लावून लिद तापू द्यावी.

थर्मामीटर असला तरी खरं पिल्लंच सांगतात. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील तर गारठली आहेत, बल्ब खाली घ्यावा. चोच उघडून कडेला पांगली तर उष्णता जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून झोत येते आहे, ती शोधून बंद करावी. रिंगणभर पसरून निवांत झोपली की ऊब बरोबर आहे. ही पाहणी रात्री दहाला आणि पहाटे चारला करावी, कारण नुकसान पहाटेच होतं.

वीज गेली तर कोळशाची शेगडी आत ठेवू नये. धुराने आणि विषारी वायूने सगळी पिल्लं एका रात्रीत जातात. गरम पाण्याच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून मधे ठेवाव्यात, रिंगणावर गोधडी टाकून थोडी फट सोडावी आणि दर दोन-तीन तासांनी पाणी बदलावं.

पिल्लं आली की आधी कोमट पाणी, लिटरमागे ५०-८० ग्रॅम गूळ घालून, फक्त पहिले काही तास. मग मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरावा आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं खाद्य द्यावं. गारठलेल्या पिल्लाच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळते आणि वाट बंद होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती हळू सोडवावी, ओढू नये, आणि पिल्लू कोरडं करूनच परत सोडावं.

लस आणि खाद्य

मानमोडी (राणीखेत) रोगासाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात टाकावा. पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत हातातच धरावं. १४ व्या दिवशी गम्बोरो रोगाची, २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात आर टू बी ही मानमोडीची मोठी लस. लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्येच आणावी. कुपी बहुधा शंभर-दोनशे पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजाऱ्यांनी एकच दिवस ठरवलेला बरा.

मोठ्या कोंबड्यांना दिवसभर फिरून आल्यावर संध्याकाळी प्रत्येकी ३०-४० ग्रॅम ज्वारी, मका किंवा तांदळाची कणी द्यावी; भरल्या पोटी रात्र उबेत जाते. घरात सोयाबीन पडून असतं म्हणून कच्चं टाकू नये, त्याने प्रथिनं पचत नाहीत, भाजून द्यावं. सरकी आणि सरकीची ढेप टाळावी, कारण तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्याने पिल्लांची वाढ खुंटते आणि अंड्याचा बलक हिरवट पडतो. बुरशी आलेला मका किंवा भुईमूग फेकूनच द्यावा. आणि कपाशीवर फवारणी झाली की पुढचे आठ-दहा दिवस कळप त्या बाजूला सोडू नये.