रेडे टेम्पोत चढवताना मारझोड नको, असं करा

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ च्या वर जातो, त्यात म्हशीच्या जातीला घाम कमी अन् कातडं काळं, म्हणून मांसासाठी पाळलेले रेडे हलवायचे तर पहाटेच, पाणी पाजून. शेपूट पिरगाळू नका, पराणी टोचू नका, बघून जीव तुटतो खरंच. जनावराला बरोबर पाठीमागचं दिसत नाही, तिथं उभं राहिलं की बिचकतं नाहीतर लाथ मारतं. त्यापेक्षा बाजूला, खांद्याच्या थोडं मागं उभं राहून एक पाऊल जवळ जा, ते पुढं सरकतं, सरकलं की लगेच तुम्ही मागं व्हा. खांद्याच्या पुढं गेलात तर उलटं फिरतं. फळीवर गोणपाट टाका, एकदा पाय घसरला की परत चढायला तयार होत नाही. एकटं नेऊ नका, सोबतीला दुसरं असलं की शांत राहतं.