ओढ वाढवायला क्राऊन-पिनियन बदलताय? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात आणखी एक पिकअप दारात येऊन उभी राहिली. मागच्या ॲक्सलमधला क्राऊन-पिनियनचा सेट नवा, तेल नवं, आणि साठच्या पुढे गेली की मागून शंख फुंकल्यासारखा आवाज. "कोणी बसवला?" विचारलं. "मीच. रविवारी सुट्टी होती, व्हिडिओ पाहून केला. सोपं तं आहे ना भाऊ?" सोपं आहेच. बोल्ट उघडायचे, जुनं काढायचं, नवं घालायचं, बोल्ट आवळायचे. एवढ्यानं भागत असतं तर मी इतकी वर्षं शिमचे, म्हणजे फट जुळवायच्या पातळ चकत्यांचे, डबे सांभाळत बसलो नसतो.

वाडीत, अमरावती रोडला लागून गॅरेज आहे, त्यामुळे ट्रॉली ओढणाऱ्या गाड्या रोजच्याच. मंडपवाल्यांचे जनरेटर, ठेकेदारांचे डांबराचे बॉयलर, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोड्या. चढावर गाडीला दम लागतो, क्लच जळतो, मग कोणीतरी सांगतं, "रेशो बदलून टाक." सल्ला चुकीचा नाही. पुढे जे होतं ते चुकीचं होतं, आणि दर वेळी तेच ते.

आकडा न मोजता सेट आणणे

क्राऊन म्हणजे ॲक्सलमधला मोठा गोल गिअर, टेल पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा लहान. क्राऊनचे दात भागिले टेल पिनियनचे दात, हा तुमचा रेशो. ४१ आणि ११ असतील तर ३.७३, ४१ आणि १० असतील तर ४.१०. आकडा मोठा तर ओढ जास्त आणि वेग कमी. "४.१० मोठा आहे म्हणजे गाडी जास्त पळेल" असं समजून आलेला गडीही मी पाहिला आहे. दुकानात जाण्याआधी गाडीत आत्ता काय आहे ते पाहा. न्यूट्रलमध्ये मागचं एकच चाक उचला, ते दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब दांडा) किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. पावणेचारच्या आसपास फिरला तर ३.७३. साध्या डिफ्रन्शियलला हे चालतं, एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफ्रन्शियल) असेल तर हाउसिंगवरची, म्हणजे ॲक्सलच्या लोखंडी कवचावरची, पट्टी शोधा.

आता टायर. २३५/७५ आर १५ चा घेर साधारण २.३ मीटर. टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला शाफ्टचा एक फेरा, धरला तर ताशी ८० ला ३.७३ वर इंजिन २१६० च्या आसपास फिरतं, ४.१० वर २३७० च्या. दहा टक्के ओढ वाढली. पण त्याच महिन्यात रुबाब म्हणून ३१ इंची टायर चढवले की आरपीएम परत २२०० वर येतो. दहापैकी साडेसात टक्के टायरनं खाल्ले. पैसे दोन्हीकडे गेले आणि गाडी होती तिथेच. उलट दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, चढावर मजा येते म्हणून फार मोठा आकडा घेतात आणि मग रिकामी गाडी समृद्धी महामार्गावर नेली की इंजिन रडतं म्हणून माझ्याकडे रडत येतात.

अमेरिकन व्हिडिओ पाहणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. तिकडच्या डाना ४४ ॲक्सलला ३.७३ पर्यंत एक कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) लागतो आणि ३.९२ पासून वर दुसरा, कारण पिनियन लहान झाला की क्राऊनला त्याच्याकडे सरकावं लागतं. तुमच्या हाउसिंगला काय लागतं ते तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे, त्या माणसाच्या व्हिडिओत नाही.

आवळलेला नट उलटा फिरवणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लग्नसराई होती. जनरेटर भाड्यानं देणारा एक जुना गिऱ्हाईक सकाळी आला, "मिस्त्री, सांजच्यापर्यंत करून द्या, उद्या कारंजाला लग्न आहे." मी तेव्हा नवा होतो आणि नाही म्हणायला शिकलो नव्हतो. पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मधे जो कोलॅप्सिबल स्पेसर असतो, ती दाबली जाणारी नळी, तिला चेपायला सुरुवातीला प्रचंड जोर लागतो आणि एकदा चेपायला लागली की वाटाण्याएवढ्या फिरवण्यातही गणित बदलतं. मी हवेची गन लावली. दोन सेकंद जास्त झाली. पिनियन हातानं फिरेना. मग सगळे करतात तेच केलं, नट अर्धा फेरा सैल केला. पिनियन लोण्यासारखा फिरला. मी खूश.

चेपलेली नळी परत फुगत नाही, हे डोक्यात आलंच नाही. नट मागे घेतला की बेअरिंगवरचा ताण शून्य होतो. मग पिनियन पुढे-मागे नाचतो, दात जिथे टेकायचे तिथे टेकत नाहीत, आणि नट स्वतःच सुटायला लागतो. कोंढाळीच्या पुढे गाडीनं आवाज काढायला सुरुवात केली. त्यानं रेडिओ मोठा केला. थोड्या वेळानं मागे हातोडा मारल्यासारखे दोन आवाज आणि चाकं जाम. रात्री दहाला मी टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा हाउसिंगमधून तेलाबरोबर दातांचे तुकडे पडत होते. लग्नात दुसऱ्याचा जनरेटर गेला. त्याचं भाडं मी भरलं, सेट मी भरला. तो माणूस पुन्हा आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

तेव्हापासूनची सवय अशी. नवा स्पेसर नेहमी दोन आणतो, एक वाया जाणार असं धरूनच. गन या नटाला लावत नाही, लांब दांड्याचा पाना आणि फ्लँज (पिनियनची बाहेरची तबकडी, जिला शाफ्ट जोडतात) धरायला पट्टी. क्राऊन बसवायच्या आधी, पिनियन एकटाच असताना, फ्लँजवर सुतळी गुंडाळून तिला सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा लावतो आणि हळूहळू ओढतो. फिरायला सुरुवात करतानाचा झटका सोडायचा, सलग फिरताना काटा काय दाखवतो ते घ्यायचं. नव्या बेअरिंगला दोन न्यूटन-मीटर हवे असतील आणि सुतळी मध्यापासून पाच सेंटिमीटरवर असेल, तर काट्यावर चार किलो यायला हवेत. नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. जुन्या बेअरिंगला त्याच्या निम्म्यावर थांबा. जास्त झालं तर नवा स्पेसर. नट मागे घेणं नाही म्हणजे नाही.

शेंदूर न लावता झाकण बंद करणे

प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी फट, डायल गेजनं मोजला, ०.१५ ते ०.२० मिलिमीटर आला, की अनेकांना काम झालं असं वाटतं. प्ले बरोबर आणि पिनियनची खोली (तो क्राऊनकडे किती आत बसला आहे ती) चुकीची, हे आरामात होऊ शकतं. तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या चार-पाच दातांना लावा, क्राऊनला लाकडाच्या फळीनं थोडा अडथळा देऊन दोन्ही दिशांनी फिरवा आणि ठसा पाहा. (शेंदरात शिसं असतं. हात धुतल्याशिवाय तर्री-पोह्याला हात लावू नका.) ठसा दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, शेंड्यावर गेला तर फार बाहेर. शिम पिनियनच्या डोक्यामागच्या बेअरिंगखाली बसत असेल, तर पहिल्यात ती पातळ करायची, दुसऱ्यात जाड. आधी खोली, मग प्ले. उलट क्रमानं गेलात तर रात्र होते. प्ले क्राऊनच्या चार जागी मोजा. ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर क्राऊनखाली कचरा किंवा कंगोरा अडकला आहे.

मी एका सेटला बेअरिंग चार वेळा काढून-घालून केलं आहे. चिडायचं नाही. म्हणूनच जुन्या बेअरिंगचं आतलं भोक किंचित घासून सेटिंगसाठी वेगळं ठेवलं आहे, ते हातानं निघतं.

फोर बाय फोरला फक्त मागचा रेशो बदलणे

"मी फोर बाय फोर लावतच नाही," असं सांगून एकानं पैसे वाचवले. मागे ४.१०, पुढे ३.७३. पहिल्या पावसात उमरेडकडच्या काळ्या मातीत फसला, लिव्हर ओढला, बाहेर आला, खूश झाला आणि लिव्हर तसाच ठेवून डांबरी रस्त्याला लागला. हिशेब करा. किलोमीटरला चाक साधारण ४३४ फेरे घेतं. मागचा शाफ्ट १७८० फिरायला बघतो, पुढचा १६२०. ट्रान्सफर केसनं, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणाऱ्या पेटीनं, दोघांना एकत्र बांधलेलं, म्हणजे दर किलोमीटरला १६० फेऱ्यांचं भांडण. चिखलात चाकं घसरून ते मिटतं, डांबरावर मिटत नाही. तीन किलोमीटरही झाले नसतील, ट्रान्सफर केस फुटली. पुढचा सेट त्याच्या निम्म्यात आला असता.

बाकीचं थोडक्यात

एका सेटचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीच नाही, ते जोडीनं घासून बनवलेले असतात, दोघांवर कोरलेला नंबर जुळला पाहिजे. क्राऊन बसत नाही म्हणून गॅसची ज्योत लावू नका, धातूचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. मी गरम तेलात बुडवतो. बोल्ट नवे, समोरासमोर, टॉर्क रेंचनं. हाउसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ करा, नाहीतर सील फुटल्याचा दोष सीलला द्याल. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो आता खोटं बोलेल, दुरुस्त करून घ्या.

तेल जीएल-५ च. "गिअर ऑइल आहे ना" म्हणून जीएल-४ ओतणाऱ्याला मी परत पाठवतो. नवतप्यात जड ट्रॉली ओढायची असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल, तर ८५डब्ल्यू-१४० हे जाड तेल.

आणि रेशो बदलून ब्रेक वाढत नाहीत. आरसीवरचं वजनही वाढत नाही. ओव्हरलोडला दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. ट्रॉलीची नोंदणी वेगळी.

आवाज सांगतो

ॲक्सिलेटर दाबल्यावर शिट्टी, तर पिनियनची खोली पाहा. सोडल्यावर शिट्टी, तर पिनियनच्या बेअरिंगचा ताण गेला असेल. कायम घरघर म्हणजे बेअरिंग. फक्त वळताना कडकड म्हणजे आतले छोटे गिअर. रिव्हर्स टाकताना ठण्ण, तर आधी शाफ्टचे क्रॉस (दोन टोकांचे सांधे) हलवून पाहा, उगाच डिफ्रन्शियल उघडू नका. वीस मिनिटं चालवून पिनियनच्या नाकाला हात लावा. चटका बसला तर ताण जास्त आहे.

नवा सेट पहिल्या दिवशी वीस मिनिटं हळू चालवा, अर्धा तास थंड होऊ द्या, पुन्हा तसंच. ८०० किलोमीटर ट्रॉली नाही, मग तेल बदला. इथे सगळ्यांना घाई असते. "उद्या सिवनीला माल टाकायचा आहे" म्हणतात. मग दुसरी गाडी न्या.

तो रविवारवाला? झाकण उघडलं, शेंदूर लावला, ठसा पार दाताच्या शेंड्यावर. पिनियन काढला तर डोक्यामागे शिमच नाही. "शिम कुठे आहेत?" विचारल्यावर त्यानं डॅशबोर्डचा खण उघडून प्लास्टिकची पिशवी पुढे केली. "ह्या का? ह्या तं उरल्या होत्या."