गुंजवणीच्या खोऱ्यात दोन दिवस: पुण्याहून पायी भटकायला जाणाऱ्यांसाठी

पुण्याहून राजगडाला जाणारे बहुतेक जण पहाटे चारला घर सोडतात, उजाडता उजाडता पायथ्याला गाडी लावतात, घाईघाईने वर चढतात आणि संध्याकाळी थकलेल्या अंगाने पुन्हा सिंहगड रस्त्याच्या नाहीतर सातारा रस्त्याच्या वाहतुकीत येऊन अडकतात. अशा फेरीत गड पाहून होतो, पण गडाने ज्या खोऱ्यावर नजर ठेवली ते खोरे मात्र पाहायचे राहून जाते. माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की या भागासाठी एक नव्हे, दोन दिवस काढावेत. पहिला दिवस खोऱ्याला द्यावा, दुसरा गडाला, आणि एका फेरीत एकच गड करावा.

आधी भूगोल समजून घेतला तर पुढचे सारे सोपे जाते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे फुटलेल्या डोंगरधारेवर तोरणा आणि राजगड शेजारी शेजारी उभे आहेत. या धारेच्या उत्तरेला कानंदी आणि गुंजवणी यांची खोरी आहेत, तर दक्षिणेला वेळवंडी नदी आणि तिच्यावरील भाटघर धरणाचा लांबच लांब पसरलेला जलाशय आहे. गुंजवणी पुढे नीरेला मिळते, नीरा भीमेला आणि भीमा कृष्णेला; म्हणजे गुंजवणे गावाच्या ओढ्यात पाय बुडवून उभे राहिले, तर ते पाणी अरबी समुद्राकडे नव्हे, बंगालच्या उपसागराकडे निघालेले असते. बारा मावळांपैकी गुंजण मावळ ते हेच. राजगड होण्यापूर्वी या डोंगराचे नाव मुरुंबदेवाचा डोंगर असे होते आणि रायगडाला राजधानी जाईपर्यंत सुमारे २५ वर्षे स्वराज्याचा कारभार येथून चालला. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वारशाच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत राजगड आहे. त्यामुळे येथे येणाऱ्यांची वर्दळ वाढणार, हे गृहीत धरूनच आपला बेत आखावा.

केव्हा जावे, याचे एकच उत्तर नाही. चालायला सर्वांत सुखाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, वाटा घट्ट आणि आकाश स्वच्छ असते. माझ्या मते मात्र या खोऱ्याचे खरे दिवस ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंतचे. पावसाचा जोर ओसरलेला असतो, खाचरांत भात कमरेएवढे वाढलेले असते, उतारांवर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग पसरतो, आणि ढग हलला की गड एकदम समोर येऊन उभा राहतो. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते. तिचे वर्ष साधले तर भाग्य. मेच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आधी, झाडांवर काजवे लुकलुकतात, तेही पाहण्याजोगे असतात; त्यासाठी अंधारात बसून राहण्याची तयारी हवी आणि विजेरी विझवून ठेवायला हवी, कारण उजेड पडला की काजव्यांचा तो खेळ मोडतो. एप्रिल आणि मे महिन्यांत दिवसा गड चढणे मी कोणालाही सुचवणार नाही. काळा बेसाल्ट तापला की तळव्यांखालून आणि समोरच्या कड्यातून, दोन्हीकडून उष्णता अंगावर येते.

पुण्याहून जायचे दोन रस्ते आहेत. पुणे-सातारा महामार्गाने सुमारे ३५ किलोमीटरवर नसरापूरचा फाटा लागतो. तेथून आत वळून मार्गासनीमार्गे गुंजवण्याकडे किंवा वेल्ह्याकडे जाता येते. दुसरा रस्ता सिंहगडाच्या पायथ्यावरून, खानापूर आणि पाबे घाटातून वेल्ह्याच्या बाजूला उतरतो. तो अधिक देखणा आहे, पण वळणांचा आहे आणि पावसात दरडीचा. जाताना नसरापूर आणि येताना पाबे, अशी विभागणी बरी पडते. नसरापूरला बनेश्वराचे मंदिर आणि त्याभोवतीची गर्द राई आहे. तेथे अर्धा तास थांबायला हरकत नाही. स्वारगेटहून एसटीने जाता येते, मात्र आतल्या गावांना गाड्या मोजक्याच असतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्यावी.

मुक्कामाची सोय गुंजवणे, पाल, वाजेघर किंवा वेल्हे यांपैकी एखाद्या गावात, घरगुती पद्धतीने करावी आणि किती माणसे येणार ते आदल्या दिवशीच कळवावे. गडावर राहण्याचा मोह टाळावा; ते संरक्षित स्मारक आहे, आणि तेथील चुलींनी, ओल्या कपड्यांनी आणि राहिलेल्या अन्नाने देवळांची आणि टाक्यांची काय अवस्था होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. गावातल्या घरी तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा आणि ताक मिळते. चुलीपुढे बसून भाकरी थापताना पाहणे हाही या फेरीचाच भाग समजावा: पिठाचा गोळा परातीत तळहाताखाली फिरत फिरत पातळ होतो, तव्यावर पडल्यावर त्यावर पाण्याचा हात फिरतो, आणि ती उलटून निखाऱ्यांसमोर उभी केली की टम्म फुगते. जेवणाचे ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण डोंगरआड मोबाईलची रेंज गेली की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचावे, जेवून थोडे टेकावे आणि ऊन कलल्यावर खोऱ्यात चालायला निघावे. यासाठी आखलेली वाट नाही, नसलेलीच बरी. गावातून नदीच्या दिशेने जाणारी बैलगाडीची वाट धरावी आणि जिथे खाचरे सुरू होतात तिथे बांधावरून एकामागे एक चालावे. बांध म्हणजे पाणी अडवणारी मातीची भिंत असते. तिच्या कडेवर पाय देऊन ती ढासळली, तर वरच्या खाचरातले पाणी आणि त्यासोबत शेतकऱ्याची मेहनत खालच्या खाचरात उतरते. म्हणून बांधाच्या मधोमध, हलक्या पावलाने चालावे आणि लावणीच्या दिवसांत शक्यतो बांधावर जाऊच नये.

जुलैत एकदा आम्ही गावाबाहेर रस्ता मोकळा दिसला म्हणून गाडी लावली आणि छायाचित्रे काढत तासभर हिंडलो. परत आलो तेव्हा एक गृहस्थ डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन भर पावसात गाडीशेजारी उभे होते. “दादा, गाडी जरा मागं घेता का? चिखलणीचा ट्रॅक्टर खाली उतरायचाय,” एवढेच ते म्हणाले. भाड्याने आणलेला ट्रॅक्टर तासभर आमच्यामुळे खोळंबला होता आणि खाली खाचरात बायका रोपांच्या मुठी बांधून वाट पाहत होत्या. त्यानंतर मी गाडी नेहमी गावात, विचारून लावतो. मोकळी दिसणारी जागा या दिवसांत मोकळी नसते, हे ध्यानात ठेवावे.

संध्याकाळी नदीकाठी अर्धा तास शांत बसता आले, तर राजगड खालून वाचता येतो. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या; कोणती माची कोठे आहे हे उजेडात बोट दाखवून आपापसांत ठरवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी वर गेल्यावर वाट चुकण्याची शक्यता त्यामुळे निम्म्याने कमी होते.

गावात राहिल्याचा मोठा फायदा दुसऱ्या दिवशी पहाटे कळतो. पुण्याच्या गाड्या पायथ्याला लागण्याआधीच आपण निम्मी चढण चढलेलो असतो. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट आधी सपाटीने, मग झाडीतून आणि शेवटी उभ्या कातळातून जाते. तेथे आधाराला लोखंडी कठडे आहेत. बेताच्या चालीने वर जायला दोन ते अडीच तास लागतात. शेवटच्या टप्प्यावर एका वेळी एकानेच चढावे आणि वरच्याने पाऊल टाकताना सैल दगड खाली जाणार नाही याची काळजी घ्यावी. दरवाजा इतका लहान आहे की पाठीवरची पिशवी सावरत वाकूनच आत शिरावे लागते, आणि शिरल्यावर समोर पद्मावती तळे येते. सोबत लहान मुले, ज्येष्ठ मंडळी किंवा पहिल्यांदाच डोंगर चढणारे कोणी असेल, तर ही वाट घेऊ नये. पालखी जाईल एवढी रुंद आणि पायऱ्यांची पाली दरवाजाची वाट त्यांच्यासाठी योग्य. मी स्वतः चोर दरवाजाने चढतो आणि पाली दरवाजाने उतरतो, कारण त्या कातळावरून उतरताना गुडघ्यांवर आणि मनावरही ताण येतो. मात्र दोन्ही वाटांचे पायथे वेगळे आहेत, तेव्हा पालहून गुंजवण्याला परत आणणाऱ्या वाहनाचे आदल्या रात्रीच बोलून ठेवावे.

वर पोहोचल्यावर पद्मावतीचे दर्शन घेऊन प्रथम बालेकिल्ल्याकडे जावे, कारण त्याची उभी चढण अरुंद आहे आणि दहानंतर तेथे रांग लागते. पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी दाखवतात; ५ सप्टेंबर १६५९ रोजी त्यांचे निधन याच गडावर झाले. त्यानंतर उरलेल्या वेळात एकच माची निवडावी. बहुतेकांचा कल सुवेळा माचीकडे, तेथील नेढ्याकडे असतो आणि कड्यातल्या त्या आरपार भोकात बसून वारा अंगावर घेणे खरोखरच सुंदर आहे. मी मात्र संजीवनी माची सुचवीन. तेथे तटाला बाहेरून दुसरा तट घातला आहे, त्याला चिलखती बांधणी म्हणतात; दोन तटांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरत खाली गेले की बाहेरचा तट पडला तरी आतला कसा लढवता येईल, हे कोणी न सांगताही कळते. या माचीच्या टोकावरून पश्चिमेला तोरणा, दक्षिणेला भाटघरचे पाणी आणि उत्तरेला आदल्या संध्याकाळी आपण चाललेली खाचरे दिसतात. आपण बसलो होतो ती नदीकाठची जागा तेथून शोधून काढावी.

धोक्यांपैकी आग्या मोहोळाचा धोका लोक सर्वांत कमी मानतात आणि तोच सर्वांत जास्त अंगावर येतो. या गडांच्या कड्यांना मोठी पोळी लटकलेली असतात, नेढ्याच्या परिसरातही. अत्तर किंवा सुगंधी फवारा लावून येऊ नये, धूर करू नये, आरडाओरडा आणि दगडफेक तर नाहीच नाही. माश्या उठल्याच तर हात न झाडता, डोके आणि तोंड कापडाने झाकून, कड्याच्या कडेपासून दूर जाणाऱ्या वाटेने पण चटकन निघावे.

पावसाळ्यात ओढा ओलांडण्यापूर्वी पाण्याकडे नीट पाहावे. ते एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज जाड झाला, तर वर कोठेतरी जोराची सर कोसळली आहे असे समजून काठ सोडावा. असे ओढे जसे चढतात तसेच काही तासांत उतरतातही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात; अशा वेळी लोखंडी कठड्यांना हात लावू नये आणि माचीच्या टोकावर थांबू नये. धुके दाटले तर जेथे असाल तेथेच बसावे. फुरसे हा विषारी साप दगडांखाली असतो, म्हणून न पाहता हात घालू नये. दंश झालाच तर जखम चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न दवडता माणसाला फार न चालवता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२.

सामान थोडके असावे. माणशी तीन लिटर पाणी, खोल खाचांच्या तळव्याचे बूट, विजेरी, टोपी, एक कोरडा सदरा आणि कचरा परत आणायला पिशवी. टाक्यांतले पाणी गाळून, उकळूनच प्यावे आणि त्यांत हातपाय धुऊ नयेत.

राजगडावरून तोरण्याला डोंगरधारेने जाण्याची वाट प्रसिद्ध आहे. संजीवनी माचीकडून उतरून, मध्ये भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडून ती तोरण्याच्या बुधला माचीला लागते. सहा ते आठ तासांची ही चाल आहे, धारेवर पाण्याचा भरवसा नाही आणि सावली तुरळक आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत, थंडीच्या दिवसांत, वाट माहीत असलेल्या गावकऱ्याला मेहनताना देऊन सोबत घेऊनच ती करावी. तोरणा वेगळा करायचा असेल तर वेल्ह्याहून बिनी दरवाजाची सोंडेची वाट आहे. तोही पूर्ण एका दिवसाचा मान आहे.

परतताना पाबे घाटाच्या माथ्यावर गाडी कडेला घेऊन उतरावे आणि मागे वळून पाहावे. हवा स्वच्छ असेल तर राजगड आणि तोरणा तेथून दिसतात. डिसेंबरात गेलात, तर मुक्कामाच्या घरी नवा तांदूळ विकत मिळतो का ते निघण्यापूर्वी विचारावे. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, आणि भात थोडा मऊच होतो.