कॅस्केडिंग फेल्युअर शिकायचंय? आधी एकच नोड धरा

सोलापुरात बसून नेटवर्क फ्लोचा (जाळ्यातून गाड्या, डेटा असं काही कसं वाहतं त्याचा) अभ्यास होतो का असं ज्युनिअर पोरं विचारतात. होतो की. कागद, पेन आणि साधा लॅपटॉप एवढ्यात सुरुवात होते. कॅस्केडिंग फेल्युअर म्हणजे जाळ्यातला एक भाग बंद पडला की त्याचा भार दुसऱ्यांवर येऊन तेही एकामागून एक बंद पडत जातात ते. जाळ्यातला चौक म्हणजे नोड, आणि दोन नोड जोडणारा रस्ता म्हणजे लिंक.

मॅक्स-फ्लो मिन-कट (फोर्ड आणि फुल्करसन, १९५६) सगळ्यांना येतं, म्हणजे नेटवर्कमधून जास्तीत जास्त किती फ्लो जाईल ते त्याच्या सगळ्यात अरुंद कापावर, मिन-कटवर ठरतं, पण तिथं अख्खं नेटवर्क वरून बघून फ्लो ठरवतात. डिसेंट्रलाइज्ड राउटिंगमध्ये (प्रत्येक नोड आपापला फ्लो कुठं पाठवायचा ते स्वतःच ठरवतो तिथं) तसं वरून बघणारं कुणी नाही, सात रस्ता चौकात आलेल्या गाडीवाल्याला समोरचे रस्ते दिसतात पण पुढच्या चौकात काय तुंबलंय ते कळत नाही, नोडचं अगदी तसंच.

हे हातानं करा. एका नोडमधून तीन लिंक बाहेर जातात, प्रत्येकीची कपॅसिटी १० आणि फ्लो ८, म्हणजे शिल्लक एकूण ६. एक लिंक गेली तर २४ चा फ्लो उरलेल्या दोघींवर येतो, त्या घेणार जास्तीत जास्त २०, मग बाकी नेटवर्क कितीही रिकामं असू दे, ४ तुंबणारच, कारण मागच्या नोडला काही पत्ताच नाही. कोमो, सावला, असेमोग्लू (२०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच), दाहलेह आणि फ्राझोली यांनी २०१३ मध्ये हेच सिद्ध केलं, की नुसत्या पुढच्या लिंक बघून राउटिंग केलं तर सगळा फ्लो पोचवत राहायची ताकद सगळ्यात कमी शिल्लक कपॅसिटी असलेल्या नोडवर अडते, मिन-कटवर नाही. पुढं २०१५ मध्ये कोमो, लोविसारी आणि सावला यांनी दाखवलं की लिंक भरली की मागच्यांना आपोआप जाणवेल अशी रचना असेल तर लोकल नियमांनीसुद्धा मिन-कटपर्यंत पोचता येतं, मला तर या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन सुरू होऊन दक्षिणेची वीज ग्रिड उरलेल्या देशाशी सिंक्रोनस (एकाच फ्रीक्वेन्सीवर) जोडली गेली, म्हणून आपल्याकडे पोरं थेट ग्रिडवरच प्रोजेक्ट घेतात. पण वीज राउटिंग करत नाही, ती किरचॉफच्या (सर्किटमधल्या करंट-व्होल्टेजच्या) नियमानं वाटली जाते. ३० जुलै २०१२ ला, उत्तर भारतातल्या मोठ्या ब्लॅकआउटच्या वेळी, बीना-ग्वाल्हेर लाईन ट्रिप झाल्यावर भार दुसऱ्या लाईन्सवर गेला तो कुणी ठरवून नाही. त्यामुळं ग्रिड घ्यायची तर पॉवर फ्लोची समीकरणं घ्या, आणि वरची थिअरम लावायची असेल तर रोड ट्रॅफिक घ्या, सुरुवातीला पाच-सहा नोड, पायथॉनमध्ये नेटवर्कएक्स (नेटवर्कसाठीची लायब्ररी), आणि त्यात बाण फिरून परत त्याच नोडला येणार नाहीत एवढं बघा, २०१३ चा तो रिझल्ट तशाच नेटवर्कसाठी आहे.