शेअरचे जुने भाव काढताय? या चुका टाळा

2024 सालची वसुबारस, 28 ऑक्टोबर. सकाळी साडेनऊलाच काकूंचा फोन आला. "अरे, रिलायन्स निम्मा झालाय! शुक्रवारी 2,650 होता, आज 1,330 दाखवतोय. काही वाईट बातमी आहे का?"

वाईट बातमी काहीच नव्हती. कंपनीने एकास एक बोनस दिला होता आणि त्या दिवसापासून शेअर एक्स-बोनस, म्हणजे बोनस वगळून विकला जाणारा, झाला होता. हातातले शेअर दुप्पट, भाव निम्मा, एकूण किंमत जवळपास तेवढीच. काकूंची काळजी पाच मिनिटांत मिटली. पण संध्याकाळी त्यांनी काकांची जुनी डायरी काढली. काका दर आठवड्याला पेपरातले भाव निळ्या शाईने लिहून ठेवायचे. त्यातला एकही आकडा मोबाइलवरच्या चार्टशी जुळेना. "ह्यांनी चुकीचं लिहिलं असेल का रे?" काकूंचा आवाज जरा पडला होता.

काकांनी अचूक लिहिलं होतं आणि चार्टही खरा होता. त्या दिवशी बाजारात जो भाव झाला तो डायरीत होता. नंतर आलेले बोनस आणि स्प्लिट (एका शेअरचे कमी दर्शनी मूल्याचे अनेक शेअर करणं) मागे लावून काढलेला, म्हणजे ॲडजस्टेड, भाव चार्टवर होता. जुन्या भावांबाबतचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात, म्हणून या चुकीवर जरा जास्त वेळ घालवतो.

कोणता भाव पाहतोय हेच माहीत नसणं

इन्फोसिसचं उदाहरण घ्या. 1993 मध्ये शेअर 95 रुपयांना विक्रीला आला. आज चार्ट मागे नेलात तर त्या काळाचा भाव पैशांत दिसतो. कारण असं की 1994, 1997 आणि 1999 मध्ये एकास एक बोनस, 2000 मध्ये 10 रुपयांच्या शेअरचे 5 रुपयांचे दोन, 2004 मध्ये एकास तीन बोनस, मग 2006, 2014, 2015 आणि 2018 मध्ये पुन्हा एकास एक. गुणाकार करत गेलात तर तेव्हाच्या एका शेअरचे आज 1,024 होतात. 95 भागिले 1,024, म्हणजे सव्वानऊ पैसे. "नऊ पैशांचा शेअर" असा मेसेज फिरतो तेव्हा लक्षात ठेवा, नऊ पैशांना तो कोणीही घेतलेला नाही. 100 शेअरसाठी 9,500 रुपये मोजावे लागले होते, आणि 1993 साली नोकरदार घरात ती मोठी रक्कम होती.

मग वापरायचा कोणता? वाढ मोजायची असेल, चार्ट काढायचा असेल, दोन कंपन्यांची तुलना करायची असेल तर ॲडजस्टेड. जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटशी (ब्रोकरने दिलेल्या व्यवहाराच्या कागदाशी) ताळा घालायचा असेल, वारसाहक्काचे किंवा कराचे कागद करायचे असतील तर त्या दिवशीचा मूळ भाव. एनएसई या शेअर बाजाराची रोजची भावकॉपी, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या भावांची फाइल, मूळ भावच देते. मोफत संकेतस्थळांवर मात्र रकान्याचं नाव वाचूनच पुढे जा. याहू फायनान्सवर 'क्लोज'मध्ये स्प्लिट-बोनस धरलेले असतात आणि 'ॲडजस्टेड क्लोज'मध्ये त्यावर लाभांशही वजा केलेला असतो. एका फाइलमधून निम्मे आकडे आणि दुसरीतून निम्मे उचललेत तर मध्येच कडा कोसळल्यासारखा चार्ट दिसेल.

तपासायची सोपी खूण सांगतो. एका दिवसात भाव बरोबर निम्मा, पाचावा किंवा दहावा झालेला दिसला की बातमी शोधण्याआधी कंपनीच्या कॉर्पोरेट ॲक्शन्सची (बोनस, स्प्लिट, लाभांश वगैरेंची) यादी उघडा. ऑगस्ट 2020 मध्ये आयशर मोटर्स बावीस हजारांच्या आसपासून बावीसशेच्या घरात आला तो 10 रुपयांच्या शेअरचे 1 रुपयाचे दहा झाले म्हणून. उलट एमआरएफने 1975 नंतर बोनस दिला नाही, शेअरही फोडला नाही, म्हणून जून 2023 मध्ये एका शेअरचा भाव लाखाच्या पुढे गेला. एवढ्यावरून एमआरएफ महाग आणि आयशर स्वस्त ठरत नाही.

31 जानेवारी 2018 चा भाव चार्टवरून उचलणं

ही चूक थेट खिशाला लागते. त्या तारखेपर्यंत घेतलेले शेअर विकताना दीर्घकालीन भांडवली नफ्यासाठी खरेदी किंमत म्हणून त्या दिवशीचा भाव धरण्याची सवलत आहे. विक्रीची किंमत त्याहून कमी असेल तर तीच धरायची, आणि प्रत्यक्ष खरेदी यापेक्षा जास्त असेल तर खरेदीचीच. भाव घ्यायचा तो त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत वरचा. बंद भाव चालत नाही.

आता समजा, कुणी 2012 मध्ये इन्फोसिसचे 100 शेअर घेतले. 2014 आणि 2015 च्या बोनसने ते 400 झाले, सप्टेंबर 2018 च्या बोनसने 800. पहिल्या 400 ना 31 जानेवारी 2018 चा भाव मिळतो, आणि तो तेव्हा अकराशेच्या वर होता. नंतर आलेल्या 400 ची खरेदी किंमत शून्य. आजच्या चार्टवर त्या तारखेला याच्या निम्मा आकडा दिसतो. तो उचलून पहिल्या 400 ना लावलात तर सवलत अर्धीच मिळेल आणि नसलेल्या नफ्यावर कर भराल. ब्रोकरच्या विवरणात हे बहुधा बरोबर येतं, पण शेअर एका डीमॅटमधून दुसऱ्यात हलवलेले असतील तर खरेदीची तारीख आणि भाव स्वतः ताडून पाहा.

डीमर्जर विसरणं

डीमर्जर म्हणजे कंपनीचा एखादा व्यवसाय वेगळ्या कंपनीत काढणं. बोनसचा हिशोब सरळ भागाकाराचा असतो, डीमर्जरचा नसतो. 19 जुलै 2023 ला रिलायन्स 2,841.85 वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या खास सत्रात 2,580 हा भाव निघाला. मधले 261.85 रुपये वेगळ्या काढलेल्या जिओ फायनान्शियलचे, आणि तो शेअर भागधारकांना वेगळा मिळाला. काही चार्ट हा फरक मागे लावतात, काही लावत नाहीत. म्हणून 2022 मधला रिलायन्सचा भाव दोन ठिकाणी दोन दिसला तर गोंधळू नका.

इथे आणखी एक खाच आहे. बाजाराने जिओ फायनान्शियलला मूळ भावाच्या नऊ टक्क्यांहून थोडं जास्त मोल दिलं. करासाठी खरेदी किंमत वाटायचं कंपनीने कळवलेलं प्रमाण मात्र 95.32 आणि 4.68 टक्के आहे, कारण ते पुस्तकी मूल्यावर, म्हणजे कंपनीच्या हिशोबवहीतल्या निव्वळ मूल्यावर, ठरतं. चार्टवरून काढलेलं प्रमाण विवरणपत्रात घालू नका.

"एकेकाळी 400 होता, आता 20 ला मिळतोय"

हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय, आणि दर वेळी जीव कळवळतो. असं बोलणारा बहुधा कष्टाचे पैसे घालायच्या बेतात असतो. येस बँकेचा भाव ऑगस्ट 2018 मध्ये 400 ला टेकला होता, तेव्हा शेअर सुमारे 230 कोटी होते. मार्च 2020 च्या पुनर्रचनेत स्टेट बँक आणि इतर बँकांनी 10 रुपये दराने 1,000 कोटी शेअर घेतले. जुलैमध्ये 12 रुपयांच्या एफपीओतून (बाजारात आधीच असलेल्या कंपनीच्या नव्या शेअरविक्रीतून) आणखी 1,250 कोटींची भर पडली. शेअरसंख्या अडीच हजार कोटींवर गेली. आता पुन्हा 400 चा भाव यायचा तर बँकेचं बाजारमूल्य 10 लाख कोटींच्या पुढे जायला हवं. 2018 च्या शिखरावर ते लाख कोटींच्याही आत होतं.

इथे बोनससारखं समायोजन होत नाही, कारण नवे शेअर पैसे घेऊन दुसऱ्यांना दिले गेले. चार्टवरचा जुना 400 तसाच राहतो आणि खुणावत राहतो. म्हणून जुन्या भावाशेजारी त्या वेळची शेअरसंख्या लिहा. वार्षिक अहवालात ती मिळते.

लाभांश न धरणं

कोल इंडिया 2010 मध्ये 245 रुपयांना विक्रीला आला. दहा वर्षांनी भाव त्याच्या निम्म्याखाली होता. पण मधल्या काळात भरघोस लाभांश आला, 2013-14 या एका वर्षातच शेअरमागे 29 रुपये. नुसता भाव पाहणाऱ्याला नुकसान जेवढं दिसतं तेवढं ते झालं नव्हतं. निर्देशांकांचंही तसंच. सेन्सेक्स आणि निफ्टीचे रोजचे आकडे लाभांश सोडून असतात. फेब्रुवारी 2018 पासून सेबीने म्युच्युअल फंडांना टोटल रिटर्न, म्हणजे लाभांश धरलेल्या, निर्देशांकाशी तुलना सक्तीची केली ती याचसाठी.

अंश आणि टक्के

23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 3,934 अंशांनी पडला, 4 जून 2024 ला 4,389 अंशांनी. मोठी पडझड पहिलीच. ती 13.15 टक्क्यांची होती, दुसरी 5.74 ची. लांब पल्ल्याचा चार्ट लॉग स्केलवर (सारख्या टक्क्यांना सारखी उंची देणाऱ्या मापावर) ठेवा, नाहीतर 1992 ची पडझड दिसणारही नाही.

एक्सेलमध्ये आकडे बसत नसतील तर

आधी तारखा बघा. 03/04/2020 हे 3 एप्रिल की 4 मार्च, हे फाइल कुठून उतरवली त्यावर ठरतं. बाराच्या पुढच्या तारखा डावीकडे सरकलेल्या दिसल्या की एक्सेलने त्या मजकूर म्हणून धरल्यात असं समजा. स्वल्पविराम असलेले आकडेही कधीकधी असेच मजकूर बनतात आणि बेरीज शून्य येते.

भावकॉपीत मधलेच दिवस गायब असतील तर सिरीजचा (व्यवहाराचा गट सांगणारा) रकाना तपासा. तुम्ही फक्त 'ईक्यू' (नेहमीचा गट) गाळून घेतलं असेल आणि शेअर काही काळ ट्रेड-टू-ट्रेडमध्ये (त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही अशा गटात) गेला असेल तर ते दिवस 'बीई'खाली सापडतील. जुनं नावच सापडत नसेल तर चिन्ह, म्हणजे बाजारातलं लघुनाव, बदललेलं असू शकतं. इन्फोसिसचं चिन्ह पूर्वी 'INFOSYSTCH' होतं, झोमॅटोचं आता 'इटर्नल' आहे. दर्शनी मूल्य बदललं की आयएसआयएन हा शेअरचा ओळख क्रमांकही बदलतो, म्हणून त्यावरच विसंबू नका. शनिवारी व्यवहार दिसला तरी तो खोडू नका. 1 फेब्रुवारी 2025 ला शनिवार होता आणि अर्थसंकल्पामुळे बाजार चालू होता.

काकूंची डायरी आम्ही दोन रविवार बसून पुरी केली. काकांच्या निळ्या आकड्यांना हात लावला नाही. शेजारी पेन्सिलीने एक रकाना आखला आणि त्या-त्या दिवशी घरात किती शेअर होते ते लिहिलं. काकू प्रत्येक ओळीला गुणाकार स्वतः करून बघत होत्या.